पहिली पाच मिनिटं माउसला हात नको!

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे आणि ‘एकोणऐंशी’ म्हणजे नेमके किती, हे मला आजही मनात मोजून काढावं लागतं. मराठी विभागाच्या संपादकांनी “तू लिही, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ” असं म्हटलं, म्हणून हा उद्योग! विषय आपल्या कॅड लॅबचा आहे आणि मुद्दा एकच आहे. कॅडची प्रॅक्टिस घड्याळ लावून करायला हवी, पण ज्या पद्धतीने आपण घड्याळ लावतो त्या पद्धतीने नको.

आपल्याकडे काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सेमिस्टरला ठरावीक प्रॅक्टिकल्स आणि तेवढेच प्रिंटआउट. तीच नट-बोल्टची असेंब्ली, तेच नकल जॉइंट, तोच प्लमर ब्लॉक. मॅन्युअलमध्ये कुठे क्लिक करायचं ते ओळीने लिहिलेलं असतं, आपण ओळीने क्लिक करतो. परीक्षेला त्याच दहातलं एक येतं. ओरलला एक्स्टर्नल सर विचारतात, “एक्स्ट्रूड म्हणजे काय?” आपण सांगतो. जर्नलवर सही होते, विषय सुटतो. मग फायनल इयरला एखादी कंपनी कॅम्पसला येते, एक कधीही न पाहिलेलं ड्रॉइंग हातात देते, पंचेचाळीस मिनिटं देते आणि म्हणते, शेवटी पार्टचं वजन ग्रॅममध्ये लिहा. मागच्या वर्षी आपले बरेच सिनियर्स अशाच एका टेस्टमध्ये बाहेर पडले. त्यांना कमांड येत नव्हत्या असं कुणीही म्हणणार नाही. काहींनी तर सुट्टीत शहरातल्या क्लासला भरपूर पैसे भरून सर्टिफिकेट आणलं होतं. बायोडाटात सॉफ्टवेअरची नावं हॉटेलच्या मेनूकार्डसारखी एकाखाली एक! पण न पाहिलेलं ड्रॉइंग वाचून, कुठून सुरुवात करायची हे स्वतः ठरवायची वेळ त्यांच्यावर कॉलेजात कधी आलीच नव्हती.

यावर हॉस्टेलमध्ये जो उपाय निघाला तो आपल्या स्वभावाला शोभेसा आहे. स्पीड वाढवा! कोण किती मिनिटांत पार्ट काढतो यावर चहाच्या पैजा लागतात. शॉर्टकट पाठ केले जातात, माउस जेश्चर बसवली जातात. टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये तीस-चाळीसच्या परीक्षेची तयारी करतात ना, तसंच सगळं. टायपिंगमध्ये ते बरोबर आहे, कारण तिथे काय टाइप करायचं ते समोर लिहिलेलंच असतं, बोटांनी फक्त पळायचं. कॅडमध्ये समोर ड्रॉइंग असतं, पण कोणत्या क्रमाने काय काढायचं हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते ठरवणं हेच खरं काम. बोटांचं काम त्याच्या पुढचं आणि माझ्या मते बरंच सोपं.

आमच्या विंगमध्ये आम्ही पाच जणी दर रविवारी, मेसच्या फीस्टची झोप उतरली की, एक खेळ खेळतो. तीन लॅपटॉप, पाच जणी, एका मोबाइलवर टायमर. कुणीतरी एक ड्रॉइंग प्रिंट करून आणते, बाकीच्यांनी ते आधी पाहिलेलं नसतं. पहिली पाच मिनिटं माउसला हात लावायचा नाही. फक्त बघायचं आणि कागदावर पेन्सिलीने क्रम लिहायचा. नंतरची पंचवीस मिनिटं मॉडेल. टायमर वाजला की वजन आणि गुरुत्वमध्य कागदावर. आणि मग खरी गंमत. ड्रॉइंग आणणारीने एक चिठ्ठी आधीच लिहून ठेवलेली असते. ‘एकूण लांबी १२० ची १५० करा, होल टोकापासून आहे तितक्याच अंतरावर राहिलं पाहिजे’ किंवा ‘जाडी ८ ची ६ करा’. त्यासाठी पाच मिनिटं.

या दुसऱ्या फेरीने आमच्या विंगमधली सगळी रँकिंग उलटीपालटी केली. अकरा मिनिटांत पार्ट संपवून मोबाइल बघत बसणाऱ्या एका मैत्रिणीचं मॉडेल लांबी बदलताच लालेलाल झालं. फिलेट तुटले, रिब हवेत गेली, होल कडेबाहेर पडलं. जी कायम शेवटून पहिली असायची, चोवीस मिनिटं घ्यायची, तिने एक आकडा बदलला, रिबिल्ड मारलं आणि पाणी प्यायला गेली. फरक कशात होता? तिने पहिल्या पाच मिनिटांत पार्टचा मध्य ओरिजिनवर घेतला होता, स्केच पूर्ण डिफाइन केलं होतं, होलचं माप काठापासून दिलं होतं, फिलेट सगळ्यात शेवटी ठेवले होते. सॉलिडवर्क्समध्ये स्केचच्या रेषा निळ्या असतील तर माप अपुरं आहे आणि काळ्या झाल्या तर पूर्ण, हे सगळ्यांना माहीत असतं. पण घाईत निळ्या रेषा तशाच सोडून पुढे जायची सवय आपल्याला लॅबनेच लावली आहे, कारण प्रिंटआउटमध्ये निळं-काळं सारखंच दिसतं!

ही दोन फेऱ्यांची युक्ती आमची नाही बरं का. सॉलिडवर्क्सच्या वार्षिक संमेलनात २००० सालापासून ‘मॉडेल मेनिया’ नावाची स्पर्धा होत आली आहे. तिच्यात पहिल्या टप्प्यात ड्रॉइंगवरून पार्ट करायचा आणि दुसऱ्या टप्प्यात त्याच पार्टमध्ये डिझाइनचे बदल करायचे असतात. सॉलिडवर्क्सची सीएसडब्ल्यूए परीक्षा अनेक वर्षं तीन तास, चौदा प्रश्न, २४० पैकी १६५ ला पास अशी होती. तिच्यातही पार्ट करून वस्तुमान विचारतात, मग त्याच पार्टमध्ये बदल सांगून पुन्हा वस्तुमान विचारतात. पुढची सीएसडब्ल्यूपी तर याबाबतीत आणखी छळते. तिथे एकाच पार्टची मापं पुन्हा पुन्हा बदलायला लावतात. ज्यांनी मापं एकमेकांशी समीकरणाने जोडली नाहीत ते तिथेच अडकतात. वर्ल्डस्किल्स या जागतिक स्पर्धेत ‘मेकॅनिकल इंजिनिअरिंग कॅड’ हा स्वतंत्र प्रकार आहे, क्रमांक ०५. तिथे तर प्रत्यक्ष वस्तू हातात देऊन, मोजून, मॉडेल आणि ड्रॉइंग करायला लावलेलं आहे. बहुतेक स्किल्सना वयोमर्यादा २२ आहे. म्हणजे आपल्यातल्या सेकंड इयरच्या पोरांनी आजपासून मनावर घेतलं तर अजून वेळ आहे. मी आत्ता विसाची आहे, माझं मी बघते.

आता थोडं वजनाबद्दल, कारण ‘वजन कशाला विचारतात’ हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. समजा १०० बाय ६० बाय १० एमएमची एमएसची प्लेट आहे, त्यात १० एमएमची चार आरपार होलं. स्टीलची घनता ७.८५ धरली तर वजन येतं ४४६.३ ग्रॅम. एक होल विसरलात तर ४५२.५. व्यासाच्या जागी त्रिज्या म्हणून १० टाकलंत तर ३७२.४. म्हणजे तुमचं उत्तर बघून, मॉडेल न उघडताच, चूक काय झाली असेल ते ओळखता येतं. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, करून बघा. अर्थात वजन सगळं पकडत नाही. होल योग्य मापाचं पण चुकीच्या जागी पाडलं तर वजन तेवढंच येणार, म्हणून आम्ही गुरुत्वमध्यही लिहून घेतो. तो लगेच चुगली करतो.

वजनाचं महत्त्व मला कुठल्या पुस्तकातून पटलेलं नाही. माझं गाव कळमनुरी. आमचा हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा मुलूख, शेजारच्या वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. हळद काढली की शिजवायची, वाळवायची आणि मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम आमच्याकडे फॅब्रिकेशनच्या दुकानात बनतात. सुट्टीत मी वडिलांच्या ओळखीच्या अशाच एका काकांच्या दुकानात टेप आणि व्हर्नियर घेऊन गेले. काका म्हणाले, “इंजिनिअरीनबाई, ड्रॉइंग कशाला लागतंय? सगळं डोक्यात हाय.” आणि खरंच होतं! एक शेतकरी आला, म्हणाला, ड्रम दीड फुटाने लांब पाहिजे, ट्रॅक्टरवर चालवायचाय. काकांनी एक मिनिटसुद्धा घेतलं नाही. ड्रम लांब म्हणजे शाफ्ट लांब, खालची अँगलची फ्रेम लांब, मध्ये एक आडवा सपोर्ट जादा, पत्रा आठ बाय चारचा येतो म्हणून जोड कुठे येणार, जाळी किती लागणार, सगळं तोंडी. शेवटी किलो सांगितले आणि किलोवरून पैसे. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो, हा आकडा काकांना पाठ आहे. आपल्याला डिझाइन डेटा बुक उघडावं लागतं.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की पॅरामेट्रिक मॉडेल म्हणतात ते हेच की! एक माप बदललं की कोणती कोणती मापं त्याच्या मागे जातात आणि कोणती जागची हलत नाहीत, हे आधी ठरलेलं असणं. काकांच्या डोक्यात ही सगळी नाती वीस-पंचवीस वर्षांच्या कामातून बसली आहेत. आपल्याला ती फीचर ट्रीमध्ये बसवायची असतात आणि वेळ आहे चार वर्षं, त्यातही पीएल आणि गॅदरिंग वजा जाता. शेतकऱ्याने ‘दीड फूट लांब पाहिजे’ म्हणणं म्हणजे आमच्या खेळातली चिठ्ठीच. कोणत्याही धंद्यात गिऱ्हाईक ही चिठ्ठी घेऊनच येतं. चाकणच्या मोठ्या कंपनीतही येतं, तिथे तिला इंजिनिअरिंग चेंज म्हणतात एवढंच. पहिल्यांदा पार्ट काढायचं काम एकदाच होतं, तोच पार्ट बदलायचं काम मात्र पुन्हा पुन्हा येत राहतं.

ट्रीला किती किंमत आहे याचा एक पुरावा तर आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेली फाईल उघडली की नुसता मुका ठोकळा येतो, आत इतिहास काही नसतो. असा ठोकळा बघून ‘हे होल, ही रिब, हा फिलेट’ असं ओळखून देणारं फीचरवर्क्स नावाचं अ‍ॅड-इन सॉलिडवर्क्समध्ये आहे. ते मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीने तयार केलेलं आहे. ही कंपनी गोदरेज समूहातली होती, २०१७ मध्ये ती एचसीएलकडे गेली. हरवलेली ट्री परत मिळावी म्हणून माणसांनी एवढा खटाटोप केला, आणि आपण ती स्वतःच्या हाताने कचरा करून ठेवतो! ‘एक्स्ट्रूड ४७’ आणि ‘कट ३२’ ही नावं पाहिली की मला आमच्या विंगमधलं कपाट आठवतं.

ड्रॉइंग वाचण्याबद्दल एक गोष्ट राहिली. आपल्याला फर्स्ट इयरला फर्स्ट अँगल शिकवतात. टॉप व्ह्यू खाली, फ्रंट व्ह्यू वर. अमेरिकन ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल असतो, टॉप व्ह्यू वर. कोपऱ्यातलं ते कापलेल्या शंकूचं चिन्ह न बघता सुटलेला माणूस अर्ध्या तासात अगदी सुंदर, पूर्ण डिफाइन केलेला आणि आरशातला पार्ट बनवतो. वजन बरोबर येतं, गुरुत्वमध्य चुकतो. पहिल्या पाच मिनिटांतले दहा सेकंद त्या चिन्हासाठी ठेवा म्हणजे झालं.

काही सरांचं म्हणणं असं की घड्याळ लावलं की मुलं उथळ होतात, डिझाइन म्हणजे विचार, तो मिनिटांत मोजता येत नाही. मला हे अर्धं पटतं. फक्त पहिली फेरी ठेवली तर तसंच होईल, पैजा लावणाऱ्यांचं झालंच आहे. पण वेळेची मर्यादाच नसेल तर आपण काय करतो? एक पार्ट तीन प्रॅक्टिकल चघळतो, अडलं की शेजारच्याची फाईल उघडतो. घड्याळ असलं की पाचव्या मिनिटाला एक निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो बरा होता की वाईट ते पस्तिसाव्या मिनिटाला डोळ्यांसमोर येतं. निर्णय आणि त्याचं फळ इतक्या जवळ क्वचितच मिळतं. जर्नलच्या सहीला तर महिना लागतो.

दुसरा आक्षेप आजकालचा. एआय सगळं काढून देणार, मग हे कशाला? देईल बापडं. ते बरोबर आहे की नाही हे वजन बघून कोण सांगणार, आणि दीड फूट लांब केल्यावर ते टिकतं का हे कोण तपासणार? यावर याहून जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

लायसन्स हा मात्र खरा प्रश्न आहे. कॉलेजचं सॉफ्टवेअर लॅबच्या बाहेर चालत नाही, सगळ्यांचे लॅपटॉप ते ओढणारही नाहीत, आणि चोरीची कॉपी टाकून ‘डिझाइन इंजिनिअर’ होणं मला पटत नाही. आम्ही विंगमध्ये फ्रीकॅड वापरतो, फुकट आणि कायदेशीर. पूर्वी त्यात एक मोठी खोड होती. मागे जाऊन काही बदललं की पृष्ठभागांची अंतर्गत नावं बदलायची आणि पुढचं सगळं भलत्याच जागी चिकटायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, त्यात हा त्रास बराच कमी झाला. आमच्या चिठ्ठीच्या फेरीला आता ते पुरतं. कॉन्स्ट्रेंट, ओरिजिन, क्रम हे सगळीकडे तेच. एकात हात बसला की दुसरं सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं, त्यासाठी पाच सर्टिफिकेट लागत नाहीत.

आमच्याकडच्या पोरांना वाटतं की हे सगळं पुण्याला जायचं असेल तरच. तसं काही नाही. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. आणि ते नाही जमलं तरी हळदीचे ड्रम आहेतच. काकांना आता ड्रॉइंग हवं आहे, कारण त्यांचा मुलगा दुकानात बसायला लागलाय आणि त्याच्या डोक्यात ‘सगळं’ अजून नाही.

आता स्टाफला विनंती, आणि ही मी पूर्ण नम्रपणे करते आहे. कॅड लॅब सव्वापाचला बंद होते. लेडीज हॉस्टेलचं गेट साडेसातला. मधले सव्वादोन तास लॅबमधले कॉम्प्युटर झाकून ठेवलेले असतात आणि आम्ही पाच जणी तीन लॅपटॉपवर वाटून घेऊन बसतो. मुलं निदान रात्री एकमेकांच्या हॉस्टेलवर, रूमवर जाऊन बसू शकतात, आमचं तेही नाही. आठवड्यातून एक दिवस, समजा बुधवारी, साडेपाच ते सात लॅब उघडी ठेवावी. लॅब असिस्टंट दादांना थांबावं लागेल हे खरं, तर त्यांना त्याबदली शनिवारी लवकर सोडता येईल का ते बघावं. आणि प्रॅक्टिकल परीक्षेत दहा ठरलेल्या शीट्सबरोबर एक न पाहिलेलं ड्रॉइंग आणि त्यावर एक बदल, एवढं घालावं. सुरुवातीला मार्क थोडेच ठेवा हवं तर. पाच मार्कांसाठी आपण काय काय करतो हे स्टाफला वेगळं सांगायला नको!

ड्रॉइंग शोधायची जबाबदारी आमची. पहिल्या बुधवारसाठी पॉलिश ड्रमच्या बेअरिंग ब्रॅकेटचं ड्रॉइंग मी करून ठेवलं आहे, मापं काकांच्या दुकानातली. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मात्र विंगमध्येसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.